कुलूप लावण्याजोगी जागा

कामाचे ठिकाण बदलल्यावर रोजचा प्रवास सायकलने करायचे मी ठरवले, तेव्हा रस्ता, चढ, रहदारी आणि पाऊस या सगळ्यांचा विचार मिळून एका संध्याकाळीच उरकला. त्याहून कितीतरी जास्त वेळ एका वेगळ्याच प्रश्नाने घेतला: तिथे पोहोचल्यावर दिवसभर सायकल ठेवायची कुठे? नव्या इमारतीच्या तळघरात मोटारींसाठी आखलेल्या जागा होत्या, मोटारसायकलींसाठी एक पट्टा होता. सायकलसाठी काहीच नव्हते. दारावरच्या रखवालदाराला विचारले, तेव्हा त्याने आवाराच्या भिंतीकडे हात केला आणि “तिकडे लावा, कोणी काही म्हणत नाही,” असे सांगितले. त्याचे म्हणणे खरे होते; फक्त ते सायकल उचलून नेणाऱ्यालाही तितकेच लागू होते.

भिंतीला टेकवलेल्या सायकलच्या चाकात कुलूप घातले तर ती चालवत नेता येत नाही, उचलून मात्र नेता येते. साधारण सायकलचे वजन पंधरा किलोंच्या आसपास असते आणि एखादा धडधाकट माणूस ती खांद्यावर घेऊन सहज रस्ता ओलांडू शकतो. शिवाय चाक अडकलेली सायकल वाहून नेणाऱ्याकडे पाहून लोकांना संशय येण्याऐवजी बिचाऱ्याची किल्ली हरवली असावी, असेच वाटते. मागच्या चाकावर बसवलेले, आऱ्यांमधून सळई सरकवणारे गोल कुलूप मी म्हणूनच क्षणभराच्या थांब्यापुरते वापरते, तेही सायकल नजरेच्या टप्प्यात असेल तरच. दिवसभरासाठी सायकल अशा वस्तूला जखडायला हवी, जी स्वतः जागची हलणार नाही. शहरात अशा वस्तू पावलोपावली दिसतात. त्यांतल्या खरोखर न हलणाऱ्या किती, हे तपासायला मी सायकल घरी ठेवून पायी निघाले.

शोधाची हद्द मी इमारतीपासून पाच मिनिटांच्या चालीएवढी ठेवली. त्यापलीकडे कितीही उत्तम जागा सापडली, तरी उशीर झालेल्या सकाळी आपण तिच्यापर्यंत जात नाही आणि जवळच्या कुठल्याशा खांबाला सायकल अडकवून मोकळे होतो. नेदरलँड्समधील उट्रेख्ट स्थानकाखाली २०१९मध्ये पूर्ण झालेल्या सायकलतळात १२,५०० सायकली मावतात. त्या आकड्याचे कौतुक पुष्कळ होते. मला तिथली दुसरी सोय अधिक मोलाची वाटते. सायकलवरून न उतरता आत शिरता येते आणि सायकल लावली की तिथूनच वर स्थानकात जाता येते. सुरक्षित जागा वाटेतच असली, तर ती वापरण्यासाठी कोणाला निर्धार करावा लागत नाही.

सर्वांत आधी खांब पाहिले. खांबाला दोन्ही हातांनी धरून हलवायचे, मग वाकून बुंधा पाहायचा आणि शेवटी मान वर करून टोक पाहायचे, असा माझा क्रम ठरून गेला. येणारे-जाणारे वळून पाहत. त्याला इलाज नव्हता. वाहतुकीच्या फलकांचे कित्येक खांब जमिनीत गाडलेले नसून एका आखूड नळीत खोचून बोल्टने आवळलेले असतात, त्यामुळे एक पाना असला की सायकल, कुलूप आणि खांब ही तिन्ही एकदम सुटी होतात. काही खांब पक्के असले तरी बुटके असतात आणि कुलपाची कडी वरपर्यंत सरकवून सायकल टोकावरून काढता येते. टोकाला फलक असला, तरी तोही दोन नटांवरच टिकलेला असतो. आणखी एक प्रकार फार बारकाईने पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही. चोर खांब आधीच करवतीने कापून ठेवतो, कापाच्या जागी चिकटपट्टी किंवा एखादे स्टिकर लावतो आणि कोणीतरी चांगली सायकल तिथे बांधण्याची वाट पाहतो. म्हणून खांबावर गुडघ्याच्या उंचीला गुंडाळलेली चिकटपट्टी दिसली की मी नखाने खरवडून पाहते. मला तसा कापलेला खांब सापडला नाही. नळीत खोचलेले मात्र बरेच सापडले.

कठड्यांची परीक्षा वेगळी असते. कठडा लांबलचक आणि भक्कम दिसतो, पण कुलूप पडते ते त्याच्या एकाच गजाभोवती. तो गज बोटाएवढा बारीक आणि पोकळ असेल, तर कुलूप कितीही जाड घेतले तरी चोर त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. तो गज कापेल आणि कुलूप नंतर सवडीने उघडेल. त्यामुळे गज सांध्याला वितळजोड (वेल्डिंग) केलेला आहे की स्क्रूने बसवलेला, तो भरीव आहे की पोकळ, टकटक केल्यावर आवाज कसा येतो, हे सारे पाहावे लागते. एका बँकेच्या पायऱ्यांजवळचा कठडा या कसोट्यांना उतरला होता. तरीही मी तो सोडला, कारण उतारावरून चाकाची खुर्ची नेणाऱ्याला किंवा काठी टेकत चढणाऱ्याला धरायला तोच एक आधार होता. अशा ठिकाणी सायकल बांधणे मला पटत नाही, आणि न पटण्याचा भाग बाजूला ठेवला तरी व्यवस्थापनाची माणसे अशा सायकली कापून हलवतात, तेव्हा चोरीचा आणि त्यांचा परिणाम आपल्या दृष्टीने एकच असतो. झाडे मी यादीतच घेतली नाहीत: कोवळे झाड करवतीने पटकन कापले जाते आणि जुन्या झाडाची साल साखळीच्या घासण्याने सोलवटते. पावसाचे पाणी उतरवणारे पाइप प्लॅस्टिकचे असतात, आणि गॅसच्या किंवा विजेच्या पाइपांना कुलूप लावण्याचा विचारही करू नये.

सगळ्यांत जास्त चीड आली ती खास सायकलींसाठी म्हणून बसवलेल्या सोयीची. एका मोठ्या दुकानासमोर लोखंडी खाचांची लांब रांग होती. पुढचे चाक खाचेत उभे करायचे आणि ते चाक खाचेच्या सळईला बांधायचे, अशी ती रचना. फ्रेमपर्यंत कुलूप पोहोचण्याची त्यात सोयच नसते. पुढचे चाक धुऱ्याच्या दोन नटांवर, किंवा अनेक सायकलींत नुसत्या एका खटक्यावर बसवलेले असते. हा खटका शर्यतीच्या सायकलपटूंना वाटेत चाक चटकन बदलता यावे यासाठी निघाला, आणि जे त्यांना जमते ते चोरालाही जमते: चाक खाचेत कुलूपबंद राहते आणि उरलेली सायकल निघून जाते. शिवाय शेजारच्या सायकलचा धक्का लागून आपली सायकल कलंडली की तिचा सगळा भार त्या खाचेत अडकलेल्या चाकावर येतो आणि रिम वाकते. अशा खाचा बसवणाऱ्याने स्वतःची सायकल तिथे एकदा तरी लावून पाहिली असेल, यावर माझा विश्वास नाही. जागेच्या हिशेबात मात्र त्या सुंदर दिसतात. कमी लांबीत खूप सायकली मावल्याचे दाखवता येते.

याच्या अगदी उलट वस्तू एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागच्या अंगणात सापडली. जाड पोलादी नळी उलट्या यू आकारात वाकवून तिचे दोन्ही पाय काँक्रीटमध्ये गाडलेले, इतकेच तिचे स्वरूप. इंग्लंडमधील शेफील्ड शहरावरून याला शेफील्ड स्टँड म्हणतात. त्याची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते, दोन स्टँडमध्ये निदान एक मीटरचे अंतर ठेवतात आणि प्रत्येकाच्या दोन बाजूंना एकेक सायकल लागते. सायकल दोन ठिकाणी टेकत असल्याने ती कलंडत नाही, आणि फ्रेम व दोन्ही चाके नळीच्या इतकी जवळ येतात की कुलूप कुठे घालायचे याची निवड आपल्याला करता येते. यापेक्षा अधिक काही सायकलच्या स्टँडकडून मागण्यासारखे नाही. अडचण होती ती त्याच्या ठिकाणाची. अंगणाला एका बाजूने उंच कुंपण, दुसऱ्या बाजूने वातानुकूलन यंत्रांची घरघर, आणि ग्रंथालयाची एकही खिडकी तिकडे उघडत नव्हती.

वस्तू तपासून झाल्यावर मग मी वेळा तपासल्या. हे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या मते सगळ्या शोधात तेच सर्वांत उपयोगी पडले. सकाळी नऊला जी जागा गजबजलेली असते, ती दुपारी तीनला ओस पडू शकते, आणि मी ज्या वेळी परत येते त्या वेळी तिथला दिवा लागतो की नाही हे सकाळी कळत नाही. शिवाय नुसती गर्दी उपयोगाची नसते. स्थानकाच्या तोंडाशी हजारो माणसे जातात, पण सगळी चालती असतात. कुलपाशी झटणारा माणूस त्यांना दोन सेकंद दिसतो आणि त्याची सायकल त्याचीच असेल असे गृहीत धरून ती पुढे जातात. त्यापेक्षा जिथे तीच ती माणसे तासन्‌तास एका जागी असतात, म्हणजे दुकानाचा गल्ला, चौकशीची खिडकी, रिक्षांचा किंवा टॅक्सींचा थांबा, तिथे कोणती सायकल कोणाची हे काही दिवसांत लोकांच्या डोळ्यांत बसते. बांधकामाशेजारच्या एका पक्क्या कठड्यावर मी या कारणासाठी फुली मारली. बॅटरीवर चालणाऱ्या, लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरचा कर्कश आवाज आणि ठिणग्या हीच काय ती चोराची मोठी अडचण असते, आणि बांधकामाशेजारी ग्राइंडरचा आवाज आला म्हणून कोणीही मान वर करत नाही.

कॅमेऱ्यांबद्दलही विचारपूस केली. “इथे कॅमेरा आहे” हे वाक्य बहुतेक ठिकाणी ऐकू आले; चित्रण कोण पाहते, ते किती दिवस जपले जाते आणि सायकलच्या जागेवर कॅमेऱ्याचे तोंड खरोखर आहे का, या प्रश्नांना उत्तरे फारशी मिळाली नाहीत. कॅमेरा असला तर वाईट नाही, पण टोपी घातलेल्या माणसाची पाठ पाहून सायकल परत मिळत नाही, म्हणून जागा निवडताना मी त्याला फारसे वजन दिले नाही.

कुलूप मी या सगळ्यानंतर विकत घेतले, आणि हाच क्रम योग्य आहे असे माझे ठाम मत आहे. पुष्कळ जण आधी कुलूप घेतात आणि मग ते जिथे बसेल ती जागा शोधत फिरतात. मी ग्रंथालयाच्या स्टँडच्या आणि पसंतीला उतरलेल्या एका कठड्याच्या नळीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजला, त्यात सायकलच्या मागच्या रिमची आणि टायरची जाडी मिळवली, आणि या सगळ्याला जेमतेम सामावून घेईल असे यू-लॉक, म्हणजे यू आकाराची पोलादी कडी आणि तिचे तोंड बंद करणारी आडवी पट्टी असलेले कुलूप, शोधले. जेमतेम म्हणण्याचे कारण असे, की कुलपाच्या आत मोकळी जागा उरली तर तिथे पहार किंवा मोटारीचा लहान जॅक घालून कडी फाकवता येते. आतली जागा फ्रेमने, चाकाने आणि नळीने भरलेली असली की हत्यार शिरत नाही. नुसती तार वेणीसारखी गुंफलेली केबल साध्या कटरने काही क्षणांत तुटते. यू-लॉकची टणक केलेली दांडी १६ मिलिमीटर किंवा जास्त जाड असेल, तर हाताने चालवायचा कटर तिच्यापुढे हतबल ठरतो. ग्राइंडर मात्र सामान्य यू-लॉक मिनिटभराच्या आसपास कापतो. दांडीची दोन्ही टोके आडव्या पट्टीत अडकणारी असतील, तर कडी निघायला सहसा दोन काप द्यावे लागतात. वेळ साधारण दुप्पट होतो, आणि कुलपाकडून आपण जे विकत घेतो तो वेळच असतो. ग्राइंडरची चकती झिजवणारे आवरण असलेली कुलपेही आता मिळतात. माझ्या सायकलच्या मानाने ती महाग वाटली.

दुकानात सांगितलेल्या मजबुतीपेक्षा मी त्रयस्थ चाचणीचे शिक्के पाहिले. ब्रिटनमधील सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड अशा श्रेणी देते, तर नेदरलँड्समधील एआरटी तारे देते. कुलपाचा पोलादी भाग जाड आहे म्हणून त्याचा किल्लीचा भाग चांगला असेलच असे नाही, हे २००४ साली जगजाहीर झाले: गोल नळीसारखी किल्ली लागणारी नावाजलेली यू-लॉक प्लॅस्टिकच्या साध्या बॉलपेनाची नळी दाबून फिरवली की उघडतात, असे तेव्हा लोकांनी करून दाखवले. म्हणून मी चपट्या किल्लीचे, किल्लीचा क्रमांक वेगळ्या चकतीवर दिलेले कुलूप घेतले.

आता लावायची पद्धत. अमेरिकन सायकल कारागीर शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी प्रचलित केलेली पद्धत मला सर्वांत पटली, कारण ती लहान कुलपातही बसते. सीटखालून येणारी नळी, मागच्या धुऱ्याकडे उतरणारे दोन तिरपे बाहू आणि खालचे दोन आडवे बाहू मिळून फ्रेमचा जो मागचा त्रिकोण होतो, त्या त्रिकोणाच्या आत मागच्या चाकाची रिम आणि टायर यांच्याभोवती कडी घालायची आणि ती स्टँडला अडकवायची. कडी फ्रेमभोवती गेलेली नसते, म्हणून पाहणाऱ्याला फ्रेम सुटीच वाटते. पण चाक त्या त्रिकोणातून मागे ओढून निघत नाही, त्यामुळे फ्रेम आपोआप अडकते. ती सोडवायची तर रिम कापावी लागेल, आणि हवा भरलेला टायर, आऱ्यांनी ताणलेली रिम, असे सगळे कापून उरते ती मागचे महागडे चाक गेलेली सायकल. पुढच्या चाकाचा खटका मी काढून टाकला आणि तिथे विशिष्ट किल्लीनेच फिरणारा बोल्ट बसवून घेतला. सीटच्या दांडीलाही तसाच. कुलूप जमिनीपासून उंच राहील असे पाहते, कारण जमिनीवर टेकलेल्या कुलपाला हातोडीच्या घावांसाठी खालून आयता आधार मिळतो. किल्लीचे छिद्र खाली ठेवते, म्हणजे पाणी आणि धूळ आत जात नाही.

एवढे सगळे करून हाती आले ते असे: दिवसा, उजेड असेपर्यंत, चौकशीच्या खिडकीसमोरचा एक कठडा, आणि पर्याय म्हणून ग्रंथालयाचा स्टँड, जो वस्तू म्हणून उत्तम आणि ठिकाण म्हणून कच्चा होता. मग मला वाटले, उत्तम वस्तू चांगल्या ठिकाणी आणता येणार नाही का? मी आमच्या इमारतीच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिले. पत्रात सुरक्षिततेबद्दल थोडे आणि जागेबद्दल जास्त लिहिले, कारण मोटारीच्या एका जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात हे वाक्य व्यवस्थापकांना चटकन कळते.

आक्षेप आलेच. पहिला शोभेचा होता, दुसरा आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटेचा, तिसरा जबाबदारीचा: सायकल चोरीला गेली तर भरपाई कोण देणार? शोभेबद्दल मी काही बोलले नाही. वाटेचा आक्षेप रास्त होता, म्हणून प्रस्तावातली जागा मी स्वतःच बदलली. जबाबदारीबाबत मी म्हणाले, “तळघरातल्या मोटारींना जी पाटी लावली आहे, की वाहने मालकाच्या जोखमीवर ठेवावीत, तीच पाटी आम्हालाही चालेल.” व्यवस्थापक हसले आणि “तुम्ही पाटी वाचलीत म्हणजे!” असे म्हणून त्यांनी कागद पुढे पाठवला. मंजुरीला जितका वेळ लागायचा तितका लागला. शेवटी दोन स्टँडऐवजी एक मिळाला, पण तो काँक्रीटमध्ये गाडलेला, दाराच्या आत आणि दिव्याखाली होता. बसवणाऱ्याने आधी तो जमिनीवर पट्टी ठेवून चार साध्या बोल्टांनी बसवण्याचे ठरवले होते. बोल्टांची डोकी उघडी राहिली तर पान्याने सगळा स्टँडच निघेल हे दाखवल्यावर त्याने फरशी फोडली.

मधल्या काळात कागदपत्रांचेही उरकून घेतले. पेडलच्या धुऱ्याखाली, फ्रेमच्या तळाशी कोरलेला क्रमांक सायकल उलटी करून वाचला, त्याचे छायाचित्र काढले, आणि खरेदीच्या पावतीबरोबर व सायकलच्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांबरोबर ठेवले. जपानमध्ये सायकलची नोंदणी कायद्यानेच बंधनकारक आहे. जिथे तसे नाही तिथे हरवलेली सायकल आपली असल्याचा पुरावा आपणच जमवून ठेवावा लागतो, आणि सापडलेल्या सायकलीसुद्धा मालक ठरवता न आल्याने पडून राहतात.

सध्या त्या एका स्टँडवर दोन सायकली नियमाने लागतात आणि तिसरी आडवी घुसवण्याचा प्रयत्न होतो. तिसऱ्या सायकलच्या मालकाशी बोलून आम्ही असे ठरवले आहे, की जो शेवटी येईल त्याने कठडा वापरावा. बहुधा ती पाळी माझ्यावर येते, कारण मी लांबून येते. दुसऱ्या स्टँडचा अर्ज पुन्हा दिला आहे. या वेळी त्यावर आम्हा तिघांच्या सह्या आहेत, आणि सोबत आराखडाही जोडला आहे. त्यात स्टँड भिंतीपासून पुरेसा दूर दाखवला आहे, कारण भिंतीला चिकटवून बसवलेल्या स्टँडची एक बाजू वाया जाते.